रशीदाच्या हातचे स्टोव्हीज

शुक्रवारी दुपारी बहरीनमधल्या माहूजच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पातेल्यावर एकदा झाकण बसलं की तासभर कुणी त्याच्या वाटेला जायचं नाही. तळाला भाजलेल्या बीफची चरबी, मग कांदा, बटाट्याच्या जाड चकत्या, मधूनमधून आदल्या दिवशीच्या रोस्टचे तुकडे आणि हाडं उकळलेलं वाटीभर पाणी. आच मंद. ढवळायचं नाही, उघडून बघायचंही नाही. स्कॉटलंडात याला स्टोव्हीज म्हणतात, आणि एलस्पेथ मामाचा सगळा आठवडा त्यासाठी ताटकळत असायचा.

मामा म्हणजे मालकीण. बहरीनमधल्या घरांत कामवाल्या मालकिणीला मामा म्हणतात. रत्नागिरीहून नव्यानं आलेल्या रशीदाला या गोऱ्यापान बाईला मामा म्हणून हाक मारताना पहिले सहा महिने हसू आवरत नसे. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. मामा कधीकाळी एका बहरीनी इंजिनियरशी लग्न करून इकडे आली, त्याला इथल्याच मातीत निजवून मागे एकटी उरली. वय एक्याऐंशी, गुडघे निकामी. मुलगा अम्मार रिफाला राहायचा. रशीदाचा व्हिसा त्याच्या नावावर होता आणि पासपोर्ट त्याच्या कपाटात. 'सुरक्षित राहील,' असं तो म्हणाला होता.

तिकडे रत्नागिरीत रशीदाच्या लेकीला, जिकराला, आठवा महिना लागला. पहिलं बाळंतपण आईकडे व्हायचं, म्हणून पोर सासरहून माहेरी येऊन बसली, आणि त्या घरात आईच नव्हती. चुलती होती, शेजारणी होत्या, पण जिकरा रोज फोनवर एकच विचारायची, तिकीट काढलंस का. रशीदा काहीतरी सांगायची आणि फोन ठेवून उगाचच ओटा पुसायला घ्यायची.

अम्मार काही वाईट माणूस नव्हता. त्यानं नाही म्हटलंच नाही. जा, पण आधी आईला चालेल अशी बाई उभी करून जा, एवढंच तो म्हणाला. शुक्रवारचं जेवण बिनसलं की आई आठवडाभर गोळ्या घेत नाही, हे रशीदालाही माहीत होतं. तेव्हा परीक्षा ठरली ती स्टोव्हीजची.

पहिल्या बाईनं पातेलं ढवळून लगदा केला. दुसरीनं रंग येईना म्हणून हळद टाकली. मग श्रीवर्धनची खदिजा आली. हाताला वळण होतं, सांगितलेलं ऐकणारी होती. दोन शुक्रवार तिनं सगळं नेमानं केलं. दोन्ही वेळा मामानं एक घास घेतला, ताट सरकवलं आणि म्हणाली, हे ते नव्हे.

आता मात्र रशीदाला आपलं पाप खाऊ लागलं. अगदी पहिल्या वर्षी त्या चरबीचा उग्र वास तिला सोसवला नव्हता, म्हणून तिनं बटाट्यांखाली कोकमाचं एक सोल दडवलं आणि वाढण्याआधी गुपचूप काढून टाकलं. त्या दिवशी मामानं ताट पुसून खाल्लं, डोळे टिपले आणि सांगितलं की अगदी माझ्या आईच्या हातची चव आहे. पुढे दर शुक्रवारी सोल पडत गेलं. ती आईची चव रत्नागिरीच्या कोकमाची आहे, हे त्या बाईला सांगायचं कुणी?

स्वयंपाकघराचं दार लावून तिनं हे खदिजाच्या कानावर घातलं. खदिजा हसून हसून खाली बसली.

"आपा, म्हणजे अकरा वर्षं तू या बाईच्या आईचं सोंग वठवतेस!"

पुढच्या शुक्रवारी खदिजानं सोल घातलं. मामानं घास घेतला. हे ते नव्हे.

सहाव्या शुक्रवारी रशीदानं बेत केला. पातेलं चढवलं ते तिनं स्वतः, उतरवलं तिनंच. वाढायला फक्त खदिजाला पाठवलं, जणू सगळं तिनंच केलंय. अम्मारही जेवायला आला होता. रशीदा दाराआड उभी राहिली, विंगेत उभ्या नटासारखी. मामानं एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसराही. मग काटा ठेवला आणि ताट सरकवलं.

"हे ते नव्हे."

म्हणजे चूक कोकमाची नव्हती, कांद्याची नव्हती, हाताची नव्हती. आता जगातली कुठलीही बाई आणली तरी हेच ऐकायला मिळणार होतं. ती बाहेर आली.

"मामा, हे मी केलंय. खदिजानं पातेल्याला हातसुद्धा लावला नाही."

खदिजा जमिनीकडे बघू लागली.

"ठाऊक आहे," मामा म्हणाली. "पहिल्याच घासाला कळलं."

"मग?"

"चांगलं झालंय म्हटलं असतं तर तू उद्याच गेली असतीस."

"खलास, युम्मा," अम्मार हळूच म्हणाला. पुरे आता, आई. त्याचे कान लाल झाले होते.

रशीदाला संताप आला, आणि त्याच क्षणी त्या म्हातारीची सुरकुतलेली मान दिसली, तेव्हा संताप धड बाहेरही पडेना. मामानं इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच विचारलं, मुलीचे दिवस कधी भरतात. बावीस दिवस राहिलेत, रशीदा म्हणाली.

"परत येशील?"

अशा वेळी बहरीनमध्ये जो तो इंशाल्ला म्हणून मोकळा होतो. रशीदाच्याही ओठांवर ते आलं होतं.

"ठाऊक नाही, मामा."

अम्मार उठला, गाडीची किल्ली घेतली आणि रिफाहून पासपोर्ट घेऊन येतो म्हणून निघाला. दार लागल्याचा आवाज झाला तरी मामानं मान वर केली नाही. तिनं ताट पुन्हा पुढे ओढलं, समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. रशीदा बसली. अकरा वर्षांत त्या टेबलाशी ती कधी बसली नव्हती. मामा गार झालेले बटाटे एकेक करून खाऊ लागली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

कमी नव्हतं. रशीदानं उठून मीठ आणून दिलं.