सत्तावीस नंबर, पिवळं फाटक

धम्मदीप खोब्रागडेच्या पायाला होळीपासून जी भिंगरी लागते, ती मृग लागेपर्यंत काही सुटत नाही. लकडगंजात त्याचं कूलरचं दुकान आहे. दुकान कसलं, एक शटर, बाहेर चार पत्र्याचे सांगाडे, आत मोटारी, पंप आणि कूलरच्या बाजूंच्या ताट्यांमध्ये भरायच्या गवताचे गठ्ठे. पण नागपूरचा उन्हाळा काय चीज आहे ते ज्यानं भोगलं त्यालाच विचारा. एप्रिलात ज्याच्या घरचा कूलर बंद पडला, तो माणूस माणसात राहत नाही. फोनवर भांडतो, गयावया करतो, साळ्याच्या साळ्याची ओळख सांगतो. आणि हा बिचारा सकाळी सातला कानाला फोन लावून घराबाहेर पडतो, रात्री दहाला येतो आणि जेवता जेवता ताटावरच पेंगतो.

बावीस वर्षं हेच चाललं होतं. यंदा मात्र त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. त्रेचाळीस वय, शिडी चढली की कंबर बोंबलते. नव्या फ्लॅटवाल्यांना एसी पाहिजे. त्यात रोशननं डोक्यात किडा सोडून दिला होता. रोशन त्याचा आयटीआयचा दोस्त, सदरमधल्या एका कॉलेजात कामाला. तिथं वीज-पाण्याची देखभाल पाहायला माणूस पाहिजे होता. दहा ते सहा, रविवारी सुट्टी.

“शनिवारी पाच वाजेपर्यंत सांग बे,” रोशन म्हणाला होता. “नाही तं ते दुसऱ्याले घेऊन राहिले.”

झालं! आठवडाभर धम्मदीपचं डोकं म्हणजे नुसता बाजार. सोमवारी त्यानं ठरवलं, शटर खाली ओढायचं आणि मोकळं व्हायचं. मंगळवारी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं “तुझ्याशिवाय कोणाच्या हाताला हा कूलर वळत नाही गा” म्हटलं, आणि गडी पुन्हा फुगला. बुधवारी परत तेच. बायको वंदना शाळेत शिकवते, ती तर वैतागून गेली. “तुम्ही नोकरी घ्या नाही तं नका घेऊ,” ती म्हणाली, “पण ते बसल्या बसल्या पाय हालवणं बंद करा. माहं डोकं गरगरून राहिलं.”

नोकरी कशासाठी हवी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरासाठी. बारा वर्षांची प्रीती आता त्याच्याकडे काही मागत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि ते त्याला आत कुठेतरी टोचत होतं. दुकानानंच आपल्याला घरातून पळवलं, असा त्याचा हिशेब. दुकान गेलं की घर परत मिळेल. सोपं!

आता त्याच्या नंबराची गंमत सांगायला हवी. मागच्या वर्षी दोन नातेवाइकांनी “आधी आमचा कूलर” करून त्याच्याशी अशी भांडणं केली, की यंदा त्यानं नियमच केला. जो फोन करेल त्याला नंबर, आणि नंबर आला की मिस्त्री दारात. मध्ये कोणी घुसायचं नाही. फोनवर त्यानं रीनाला बसवलं होतं. पोरगी नवी होती, पण कडक. “भाऊ म्हणतात, नंबर म्हणजे नंबर,” असं ती एका नगरसेवकालाही ऐकवून मोकळी झाली होती. त्या नियमाचा धम्मदीपला भारी अभिमान. रोज सकाळी रीना त्याच्या हातात चिठ्ठ्या द्यायची, आणि तो गाडीला पेटी बांधून निघायचा.

शनिवार उजाडला. दुपारचे तीन वाजले तरी त्याचं काही ठरलेलं नव्हतं. ऊन असं, की हँडल हातात धरवेना. त्यानं खिशातून पुढची चिठ्ठी काढली. रीनाचं गोल अक्षर: नंबर २७. इंदोरा, विहारामागची गल्ली, पिवळं फाटक. पाणी चढत नाही. घरी आजी एकटीच असते.

अरे, ही तर आपलीच गल्ली! म्हटलं बरं झालं, काम आटपून घरी घोटभर पाणीही पिता येईल. गल्लीत कोणती आजी एकटी राहते, ते काही त्याला आठवेना. शेजारच्या भैय्याजींची बहीण आली असेल कदाचित. तो गाडी हळू चालवत फाटकं पाहत निघाला. हिरवं, पांढरं, परत हिरवं. पिवळं एकच दिसलं, पण त्याचं तिकडे नीट लक्षच गेलं नाही, कारण ती जागा त्याच्या घराची होती आणि त्याच्या डोक्यात आपल्या घराचं फाटक निळंच होतं. तो सरळ पुढे गेला. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आला.

ओट्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले भैय्याजी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसले होते. त्यानं विचारलं, “भैय्याजी, इकडं पिवळं फाटक कोणाचं आहे जी?”

भैय्याजींनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे बघितलं. “काय गा धम्मदीप, उन्हानं डोकं फिरलं काय? तुह्या पाठीमागं काय आहे?”

तो वळला. हळदीसारखं पिवळंजर्द फाटक. वर त्याच्याच हातानं लावलेली पाटी: खोब्रागडे.

बाप्पा! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी लाज त्याला उभ्या आयुष्यात कधी वाटली नव्हती. पेटी उचलून तो आत शिरला, तेव्हा त्याची आई कौसल्याबाई बंद कूलरसमोर पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती.

“या मिस्त्री,” ती म्हणाली. “पाणी देऊ का?”

“माय, हे काय वं? मले सांगाचं ना!”

“तीनदा सांगतलं. तीनही खेप उद्या म्हणून झोपला. मंग म्हटलं, हा बाहेरच्याइचं ऐकते, तं आपणही बाहेरचे होऊ. फोनवरची पोरगी मोठी गोड बोलली बा. म्हणे, आजी, चार दिवस लागतील. म्हटलं लागू दे, मले वाट पाहाची सवय आहे.”

धम्मदीपनं पेटी उघडली. त्यानं पंप बाहेर काढला. जाळीत गवताची एक काडी अडकली होती. पाच मिनिटांचं काम! त्यासाठी सत्तरीतली बाई तीन आठवडे पुठ्ठा हलवत बसली होती. पाणी चढलं, ताट्या ओल्या झाल्या, गार वारा सुटला. तो तिथंच फरशीवर बसून राहिला.

“फाटक कोणं रंगवलं?”

“प्रीतीनं. जयंतीसाठी. तुले दाखवाले जागी बसली होती. मंग झोपली.”

चौदा एप्रिलला त्यानं तीन मोटारी बदलल्या होत्या, हे त्याला चांगलं आठवत होतं. त्याला आता एवढंच कळत होतं, की पिवळं फाटक काही दुकानानं लपवलं नव्हतं. ते अकरा दिवस समोर होतं आणि हा कानाला फोन लावून त्यातून जात होता. कॉलेजात गेला असता, तरी दहा दिवसांत तिथल्या प्रिन्सिपॉलचे पंखे याच्या डोक्यावर फिरले असते.

पाचला दहा मिनिटं होती. त्यानं रोशनला फोन लावला आणि नाही म्हटलं. रोशननं यथेच्छ शिव्या घातल्या. मग त्यानं दुकानात फोन लावला.

“रीना, रोज संध्याकाळी सहाच्या पुढं कोणालेच नंबर देऊ नको. सहाचा नंबर रोज एकच. इंदोरा, पिवळं फाटक.”

“रोज? तक्रार काय लिहू भाऊ?”

तेवढ्यात कूलरपुढून कौसल्याबाईचा आवाज आला.

“आधी तिले विचार गा, नंबर लिहिला का म्हणून. तुह्या तोंडचं काही खरं नाही.”