काचेच्या अलीकडची सात टेबलं

रीनो या कॅसिनोंच्या शहराला लागून असलेल्या स्पार्क्स गावात कुणी नवं बिऱ्हाड आलं आणि त्यातल्या कुणाला सिगारेटचा धूर सोसत नसला, तर शेजारीपाजारी त्यांना दोन गोष्टी सांगत. पहिली, जेवायला कॅसिनोतच जा. असं जेवण आणि तेही इतक्या स्वस्तात गावात दुसरीकडे मिळायचं नाही. आणि दुसरी, 'कॉपर लँटर्न'ला गेलात तर ट्वायलाला विचारा.

ट्वायला हॅस्क्यू त्या कॅसिनोच्या भोजनगृहात दाराशी उभी असे. आल्यागेल्याचं हसून स्वागत करायचं, टेबलापर्यंत न्यायचं, हातात मेनूकार्ड द्यायचं, एवढंच तिचं काम. पण सव्वीस वर्षांत तिने त्या एवढ्याशा कामाचं केवढं तरी करून ठेवलं होतं. टेलिफोनवर कुणी दबक्या आवाजात विचारलं, "धुराचा त्रास होतो हो मला, जमेल का?" की ती लगेच पदर खोचल्यासारखी सरसावून सांगे, "पुढच्या दाराने मुळीच येऊ नका. पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर गाडी लावा, तिथल्या लिफ्टने खाली या, बिंगोच्या हॉलमागून डावीकडे वळा. शेवटची बारा पावलं तेवढी श्वास रोखून चाला, केनोच्या सोडतीच्या काउंटरपाशी. पुढे मी आहेच. काचेच्या अलीकडे बसवते तुम्हाला. तिथली हवा म्हणजे डोंगरावरची!"

ती काच ट्वायलाचीच होती म्हणा ना. तिचा नवरा मर्ल याच कॅसिनोत पत्ते वाटायचा. जन्मात कधी सिगारेट ओढली नाही त्याने, पण एकोणीस वर्षं लोकांनी सोडलेला धूर तोंडावर घेत उभा राहिला आणि एक्कावन्नाव्या वर्षी फुप्फुसं गमावून गेला. तेराव्या दिवशी ट्वायला कामावर परतली ती एक कागद घेऊनच. जेवायला येणाऱ्या प्रत्येकापुढे तो धरायची, "सही करा. जेवताना तरी माणसाला धड श्वास घेता यावा." चारशेवर सह्या झाल्या. अखेर मालकांनी भोजनगृहाला मधोमध लाकडी चौकटीची काचेची भिंत घातली, अलीकडे सात टेबलं मांडली आणि दारावर पितळी पाटी लावली. त्या दिवशी केक कापला गेला, ट्वायलाचा फोटोही निघाला.

याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं तिने त्या सात टेबलांवर दमेकरी बसवले, हृदयाचे रोगी बसवले, पोटुशा बायका बसवल्या, तान्ही मुलं घेऊन आलेली जोडपी बसवली. शाळेत गाणं शिकवणारे मिस्टर सॉलहाइम गळ्याला फार जपत. त्यांचं टेबल ठरलेलं. आणि दर गुरुवारी साडेअकराला सहा नंबरच्या टेबलावर मर्लची थोरली बहीण आर्डिथ. आर्डिथ जन्माची दमेकरी. गेली दोन वर्षं तर तिच्या मागे चाकांवर ऑक्सिजनचं सिलिंडर असे आणि नाकात नळी. पण जीभ होती तशीच तिखट.

"आज सूप गरम आहे का, की तुझ्या स्वभावासारखं कोमट?" ती बसता बसता विचारायची.

"नणंदबाई आल्यात म्हटल्यावर उकळायलाच लागलंय," ट्वायला म्हणायची. हा संवाद झाल्याशिवाय दोघींचा गुरुवार सुरू होत नसे.

त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला बर्फ एकदम वितळला आणि छपरातून पाणी झिरपू लागलं. एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला चार नंबरच्या टेबलावर फॉल्स सीलिंगचा एक चौकोन फुगला आणि भिजलेल्या पावासारखा फतकन खाली पडला. गिऱ्हाईक अजून यायचं होतं म्हणून बरं. रूडी इचेवेरिया शिडी घेऊन आला. गार हवेची यंत्रं सांभाळणारा रूडी चौदा वर्षं तिथे होता. बोलायला मोकळा, कामाला चोख. ट्वायलाने शिडी धरली. वर डोकं घालून तो बराच वेळ खुडबुड करत होता. मग हसत खाली उतरला.

"ये, बघून तर घे तुझी भिंत. वरून कुणी पाहिलीच नसेल."

ट्वायला बासष्ट वर्षांची. तरी गमतीगमतीत चार पायऱ्या चढली आणि त्या भोकातून डोकं वर काढलं. रूडीने खालून टॉर्च दिली.

आधी तिला काही कळेचना. तिची भिंत छतापर्यंत जात असणार, असं तिने गृहीत धरलेलं. कोण धरणार नाही? पण काच संपली होती, लाकडी चौकट फॉल्स सीलिंगच्या वर वीतभर आली होती आणि तिथेच थांबली होती. त्यावर पुरुषभर उंचीची मोकळी जागा, थेट पलीकडे. पलीकडच्या जाळ्यांतून स्लॉट मशीनचे लाल-निळे दिवे लुकलुकत होते. टॉर्चच्या उजेडात करडा धूर दिसत होता. कुठे घाई नाही, गडबड नाही. भिंतीच्या काठावरून तो आरामात अलीकडे उतरत होता, दूध उतू जावं तसा. तिने शेजारच्या चौकोनाच्या पाठीवरून बोट फिरवलं. बोट तपकिरी झालं, चिकट. मर्लच्या सदऱ्याच्या कॉलरला हाच रंग बसायचा.

"रूडी," ती वरूनच म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. "ही भिंत अर्धवट आहे."

"अर्धवट नाही, तेवढीच आहे. वरपर्यंत न्यायची तर वेगळं यंत्र बसवावं लागलं असतं. दोन्हीकडची हवा एकाच यंत्रात जाते, ढवळली जाते आणि दोन्हीकडे परत येते. एका पातेल्यातलं सूप दोन वाडग्यांत वाढायचं, तसं." तो बोलता बोलता थांबला. तिचा चेहरा आता त्याला दिसला होता. "ट्वायला... तुला माहीत नव्हतं?"

"तुला होतं?"

"आम्हाला सगळ्यांनाच. मला वाटलं, तुला तर... भिंत तुझीच ना." रूडीचं तोंड उतरलं. "देवाशपथ, मला वाटलं तू लोकांना बरं वाटावं म्हणून तसं सांगतेस."

हे वाक्य तिला शिडीवरून पडल्यासारखं लागलं. म्हणजे कामगारांच्या मागच्या खोलीत बसून ही सारी माणसं तिला अकरा वर्षं खोटारडी समजत होती. चांगल्या मनाची, पण खोटारडी.

ती खाली उतरली ती तडक मॅनेजरच्या खोलीत. मिस्टर प्रुइट भला माणूस होता. वाढदिवसाला न चुकता फुलं पाठवायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ट्वायला, तुम्ही फार मनाला लावून घेताय."

"मी लोकांना सांगितलंय की इथे धूर नाही. अकरा वर्षं सांगतेय. तुमच्यासमोर सांगितलंय!"

"हो. पण आम्ही तसं कुठे म्हटलंय?" तो अगदी शांतपणे म्हणाला. "पाटी वाचा ना तुम्ही. 'येथे धूम्रपान करू नये.' एवढंच आहे. 'येथे धूर नाही' असं कुठे लिहिलंय?"

ती पाटी ट्वायलाने दर सोमवारी स्वतःच्या हाताने पुसली होती. अकरा वर्षं पुसली, पण वाचली नव्हती.

बाहेर आली तर साडेअकरा होऊन गेले होते आणि आर्डिथ आपली आपण सहा नंबरवर जाऊन बसली होती. पुढ्यात वाटाण्याचं सूप. डोक्याच्या बरोबर वर हवेची जाळी. जाळीच्या कडेने छताला तपकिरी डाग. तो इतकी वर्षं आपल्याला कसा दिसला नाही?

"ऊठ," ट्वायला म्हणाली.

"अगं, पहिला चमचा तर गिळू दे!"

"आर्डिथ, ऊठ म्हणते ना! इथे धूर आहे. भिंत वरून उघडी आहे. सगळा धूर तुझ्या डोक्यावर येतोय."

आर्डिथने चमचा खाली ठेवला, रुमालाने ओठ टिपले. "माहितीये मला," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"धूर येतो ते. डोळे गेलेत माझे थोडे, नाक नाही गेलं. दर गुरुवारी घरी गेले की झगा वळणीवर टाकते, रात्रभर खोलीत वास भरून राहतो. शुक्रवारी दुपारपर्यंत छाती वाजते."

ट्वायला समोरच्या खुर्चीत बसली. कामाच्या वेळेत गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसायची तिची ही पहिलीच वेळ. "मग येत का राहिलीस? बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मर्ल गेला तेव्हा तुझी काय दशा होती, ती मी बघितलीय. जेवत नव्हतीस, बोलत नव्हतीस. ही भिंत उभी राहिली आणि तू उभी राहिलीस. मी कशाला ती पाडू?"

"म्हणून अकरा वर्षं विष खाल्लंस?"

"विष कसलं? कधी सूप, कधी प्राइम रिब." आर्डिथ हसायला गेली आणि खोकल्याने वाकली. खोकला थांबेपर्यंत ट्वायला तिचा हात घट्ट धरून बसली. कुणाचा राग करावा, हेच तिला समजेना. नणंदेच्या मायेचाही राग येत होता आणि त्या रागाचीच तिला लाज वाटत होती.

तेवढ्यात दाराशी एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर मूल. "तुम्हीच ट्वायला ना? आम्हाला त्या चांगल्या हवेच्या टेबलावर..."

"नाही," ट्वायला उठून म्हणाली. "तसलं टेबल इथे नाही. कधी नव्हतंच. बाळाला घेऊन दुसरीकडे जा."

त्या दुपारी तिने नऊ जणांना असं परत पाठवलं. दोन वाजता मिस्टर प्रुइटने तिला मऊ आवाजात घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने गणवेश धुऊन, इस्त्री करून परत केला. निरोपाचा समारंभ झाला नाही. रूडी मात्र पार्किंगपर्यंत सोडायला आला आणि गाडीचं दार धरून उगाच उभा राहिला.

ट्वायलाकडे एक वही होती. नेहमीच्या लोकांचे वाढदिवस, आवडीनिवडी, टेलिफोन नंबर तिने त्यात टिपून ठेवलेले. पुढच्या आठवड्यात ती एकेकाला फोन करायला बसली. "मी ट्वायला. मी तुम्हाला चुकीचं सांगत आले. ती हवा स्वच्छ नव्हती." कुणी म्हणालं, एवढं काय त्यात. कुणी फोन आपटला. मिस्टर सॉलहाइम म्हणाले, "तरीच. मला वाटायचं, वयाने आवाज बसतोय. मी गेल्या वर्षी गाणं शिकवायचं सोडलं, ट्वायला."

सगळ्यात अवघड फोन नेडीनला होता. नेडीन पोटुशी असताना आठवड्यातून तीनदा यायची, पाच नंबरवर बसून नारळाची पेस्ट्री खायची. आता मुलगी सहा वर्षांची. नेडीनने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नाही ना केलंत?"

"नाही गं. खरंच नाही."

"मग ज्यांनी मुद्दाम केलं, त्यांच्यापैकी कुणी मला फोन का नाही केला?"



दर हिवाळ्यात ट्वायलाला खोकला व्हायचा. आपल्याकडची कोरडी हवा, धूळ, असं म्हणून ती सोडून द्यायची. त्या उन्हाळ्यात मात्र आर्डिथने पिच्छा पुरवला तेव्हा तपासायला गेली. तरुण डॉक्टरने छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "दिवसाला किती ओढायचात?"

"एकही नाही. जन्मात नाही."

त्याने फाइल मिटली, आवाज उतरवला. "हे बघा, इथे तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. खरं सांगितलंत तर औषध नीट ठरवता येईल."

इतकी वर्षं ज्या धुराशी ती भांडली, त्याने आतून तिलाच सिगारेट ओढणारी बाई करून टाकलं होतं. आणि आता कुणी तिचा शब्द खरा मानायला तयार नव्हतं. ती घसा ताणून म्हणाली, "मी कॉपर लँटर्नला होते." डॉक्टर त्याच भागातला, रीनोत वाढलेला. त्याने फाइल पुन्हा उघडली आणि मान खाली घालून लिहू लागला.

त्यानंतर गुरुवारचं जेवण आर्डिथच्या स्वयंपाकघरात होऊ लागलं. सूप ट्वायला करायची. ते कॅसिनोसारखं व्हायचं नाही आणि आर्डिथ तसं दर वेळी सांगायची. तिची छाती काही सुधारली नाही, पण शुक्रवारची घरघर तेवढी कमी झाली. दीड वर्षाने एका गुरुवारी ट्वायलाच्या टपालात कॉपर लँटर्नचं रंगीत कार्ड आलं. जुन्या गिऱ्हाइकांना पाठवलेलं. कुणाच्या तरी यादीत तिचंही नाव राहून गेलं होतं. नूतनीकरण झालं होतं. काचेची भिंत थेट छपरापर्यंत, नवं यंत्र, पहिल्या महिन्यात सूप फुकट. खाली ठळक अक्षरांत ओळ होती. ट्वायलाने ती आर्डिथला मोठ्याने वाचून दाखवली.

"'आमच्याकडे आता खरोखरच धूर नाही.'"

"परत वाच," आर्डिथ म्हणाली.

ट्वायलाने परत वाचली. 'खरोखरच' या शब्दावर तिचं बोट थांबलं. छापताना तो शब्द कुणाच्या डोळ्यांना खुपला नव्हता. मिस्टर प्रुइटच्या नाही, छापणाऱ्याच्या नाही, कुणाच्याच नाही.

"छापून कबूल केलंन् की गं मेल्यांनी," आर्डिथ म्हणाली आणि नाकातली नळी सावरत हसत सुटली. ट्वायलाला हसू आलं नाही. ती कार्ड हातात धरून तशीच उभी राहिली, शेगडीवर सूप उतू जायला लागलं तरी.