तिबी ग्रोझाची क्रियापदं

तिबेर्यू ग्रोझा आमच्या लंडनजवळच्या पिनरच्या घरी आला तो हॉलवे रंगवायला. २००६चा सप्टेंबर होता. पन्नाशीचा, उंच, कानामागे पेन्सिल. पहिल्याच दिवशी भिंत खरवडताना त्यानं बैठकीच्या खोलीतली आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम ऐकली आणि दारात येऊन मला इंग्रजीत म्हणाला, "तो मुलगा पत्र वाचायच्या आधीच रडतोय." भाषेचा गंध नाही, तरी मी आठवडाभर वेदला जे सांगून थकले होते, नेमकं तेच बोलला. मला रागच आला. रंगाऱ्यानं रंग द्यावा.

मग चहावर कळलं. हा माणूस रुमानियातल्या क्लूज शहरात बावीस वर्षं रंगभूमीवर उभा होता. राजे केले, भिकारी केले, चार सिनेमे केले, एकात तर नायक होता. पोस्टरवरचं तोंड ओळखून तिथली भाजीवाली त्याला दोन टोमॅटो जास्त द्यायची, हे तो पुरस्कार मिळाल्यासारखं सांगायचा. बायको गेल्यावर, २००२ साली, तो इकडे आला, कारण मुलगी रुक्सांद्रा केंब्रिजला संशोधन करत होती. इथं टीव्हीवर कामं मिळाली, नाही असं नाही. चार वर्षांत सहा गुंड, आणि सहांचे संवाद मिळून अकरा शब्द. पोटासाठी रंगकाम. वर्षअखेरीला एजंटाच्या यादीतून नाव काढायचं आणि अभिनय सोडायचा, असं त्यानं मुलीला सांगूनही टाकलं होतं. हे सांगताना तो हसला, आणि मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

आमच्या नाटकात एक म्हातारा इंग्रज घरमालक होता. तरुणपणी नागपूरला रेल्वेत नोकरी केलेला, म्हणून मराठी बोलणारा. आता बायको वारलेली. ते काम माझे यजमान पद्माकर करणार होते, पण त्यांची कंबर धरली आणि ते आडवे झाले.

"अहो, तिबीला देऊ या?"

"वैजू, ही इज द डेकोरेटर! त्याला मराठी कुठे येतं?"

"तुम्हाला तरी ॲक्टिंग कुठे येतं?"

कंबर दुखत असतानाही ते हसले.

मी मंडळाची वीस वर्षांपासूनची प्रॉम्प्टर. नाटक तोंडपाठ. इस्त्री करता करता तिबीचे सगळे संवाद मी कॅसेटवर बोलले आणि अर्थ इंग्रजीत सांगितले. तो ती कॅसेट व्हॅनमध्ये लावायचा. सहा आठवड्यांत बारा पानं पाठ! त्याचा 'ळ' ऐकून मी गार पडले. आमच्या मुलांना तो अजून जमत नाही.

नाटक लिहिणारा विष्णू पुण्याहून परतला तो शेवटच्या आठवड्यात. तिबीनं पहिलं वाक्य टाकलं, "मी नागपूरला होते," आणि विष्णू ओरडला, "अगं वैजू, हा बाईसारखा काय बोलतोय?"

संहिता समोर न धरल्यामुळे माझ्या जिभेनं 'होतो'चं 'होते' करून टाकलं होतं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. तालमीला असायचे ते वेद आणि ईशानी, दोघंही इथंच जन्मलेले. त्यांचं स्वतःचं 'माझा आई' चालतं, त्यांना काय कळणार? आणि मला तर तो माझ्यासारखंच बोलतोय याचं कौतुक! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शेवटचं स्वगत कट करू," विष्णू म्हणाला. "इट्स टू रिस्की. चारच दिवस आहेत."

मी तिबीला समजावलं. तो पहिल्यांदाच चिडला. "इथं आल्यापासून मला पहिल्यांदा स्वगत मिळालंय. एक शब्द कापायचा नाही."

त्यानं कानामागची पेन्सिल काढली आणि तालमींपायी अजून अर्धवटच रंगलेल्या माझ्या भिंतीवर त्रेसष्ट क्रियापदं दुरुस्त करून रोमन लिपीत लिहिली. जे पक्कं होईल त्यावर रंगाचा हात. शनिवारी, प्रयोगाच्या दिवशी सकाळी भिंत कोरी झाली होती. इतकी मेहनत मी मंडळात कुणाचीच पाहिलेली नाही, माझीसुद्धा नाही.

हॅरोच्या हॉलमध्ये तीनशे माणसं. रुक्सांद्रा दुसऱ्या रांगेत. दोन अंक तो एकदाही चुकला नाही. मग स्वगत आलं. मेलेल्या बायकोचा कोट हातात घेऊन तो म्हणाला, "मी एकटी राहिले."

मागे खसखस पिकली. मी विंगेतून "राहिलो, राहिलो" पुटपुटले. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काय चुकलं ते त्याला त्या हसण्यातूनच कळलं होतं. त्यानं हातातल्या कोटाकडे पाहिलं. मग त्यानं कोट हळूच खुर्चीवर ठेवला, त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "असं ती म्हणायची. मी रेल्वेवर. ती घरी." मग, अगदी हळू: "आता मी एकटा राहिलो."

संहितेत यातलं फक्त शेवटचं वाक्य होतं; बाकीचे शब्द त्यानं आपल्या बारा पानांतूनच जुळवले होते. या वेळी मागे कुणी हसलं नाही. मी प्रॉम्प्टिंग विसरून सरळ रडले.

पडदा पडल्यावर आत गेले, तर स्वल्पविरामालाही कुणाला हात लावू न देणारा विष्णू ती वाक्यं संहितेत लिहून घेत होता. रुक्सांद्रा आली. तिनं वडिलांना रुमानियनमध्ये काहीतरी विचारलं, त्यानं एका दमात उत्तर दिलं. मी तिला इंग्रजीत विचारलं, काय म्हणतोय?

"मी विचारलं, ठरल्याप्रमाणे वर्षअखेरीला एजंटाला फोन करून नाव काढणार ना? तर बाबा विचारतायत, दुसरा प्रयोग कधी आहे?"

आमच्या मंडळाच्या नाटकाचा दुसरा प्रयोग आजवर कधीच झाला नव्हता.

"मेडनहेडला," मी जवळच्या एका गावाचं नाव ठोकून दिलं. "जानेवारीत." आणि विष्णूनं तोंड उघडायच्या आत त्याच्या पायावर पाय दिला.