घागर खाली ठेवा

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहासोबत मोठ्यानं वाचून बायकोला हसवत आलोय, त्यामुळे स्वतःचा लिहिताना लाज वाटतेय. आमच्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात भूत, अंगारा, दृष्ट या शब्दांनाही बंदी. माझा आजही त्यावर काडीचा विश्वास नाही. मला राग आहे, आणि तो वेगळाच आहे.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत मी क्लार्क, टेबल टंचाईचं. दिवसभर टँकरच्या फायली लिहायच्या आणि खोलीवर आलो की नळ कोरडा. नांदेडला बाबांकडे गेलो की ते एकच म्हणायचे, "आमच्या डोंगरातला झरा कधी आटत न्हाई. बघून ये एकदा." बाबांचं गाव किनवटच्या पुढे, जंगलाला लागून... नाव देत नाही. लहानपणी त्यांनी ते सोडलं आणि पुन्हा तिथं पाऊल टाकलं नाही. शेवटी एका रविवारी मी एकटाच निघालो.

हौस पहिल्या तासातच फिटली. फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा सोबत दोन भाकरी, ठेचा आणि एक वॉटरबॅग. सागाला पान नाही, सावलीचं नाव नाही, आणि वाटेवर घाणेरी मात्र डोक्याच्या वर! जिल्ह्यात माणसांना प्यायला पाणी नाही, मग हे रान कशावर माजलं, याचा मला खरोखर संताप आला. शर्ट फाटला, तोंडभर ओरखडे उठले, अकरालाच पाणी संपलं. एकच्या सुमारास झरा सापडला — कातळातली एक भेग आणि खाली वाळलेलं शेवाळ. थेंब नाही.

बाबांना आता काय सांगायचं, या विचारात बसलो होतो. तेवढ्यात पाणी हिंदकळल्याचा आवाज आला. उठून पाहतो तर वर कातळाच्या कडेला एक म्हातारी उभी. हिरवं लुगडं, उजवा हात कोपरातून वाकडा, डाव्या कडेवर पितळी घागर.

"तान लागली का रे लेकरा?"

"हो आजी."

"मंग बस खाली. वंजळ धर. वरून वतते."

मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा तहान विसरलो. आपल्या माणसांना भांड्याला हात लावू न देता असं वरून ओतायचे, हे मी ऐकून होतो. माझ्यावर कधी ती वेळ आली नव्हती. आणि हिनं माझं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं... ओळखलं कशावरून?

"मी ओंजळ धरणार नाही," मी म्हणालो. "सरकारी नोकर आहे मी. तुमचं नाव सांगा, तक्रार करतो." जिभेला कोरड पडलेली आणि मी खिशातली डायरी उघडून उभा.

"न्हाई धरलीस तर तानेनं मरशील."

"मरेन. नाहीतर घागर खाली ठेवा. मी माझ्या हातानं घेईन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वाकली, घागर कातळावर अलगद ठेवली आणि मागे सरली. मी वर चढलो, घागर कलती करून पोटभर प्यालो, वॉटरबॅग भरली. आभार मानायचे नव्हतेच, जाब विचारायचा होता, म्हणून मान वर केली. कुणी नव्हतं. मागे घाणेरीची दाट जाळी, एक फांदी हलत नव्हती. वळलो तर घागरही नाही. वॉटरबॅग मात्र गळ्यात जड.

फाट्यावरचा चहावाला म्हणाला, "तिकडं कशाला गेलता? लई वर्सं झाली झरा आटून."

नांदेडला पोचलो तो चिडूनच. बाबा जेवायला बसले होते. म्हातारीला शिव्या घालत मी सगळं सांगितलं. वाकड्या हाताचं ऐकलं तसा त्यांचा घास हातातच राहिला.

"ती कवाच मेली," ते म्हणाले. "मी गाव सोडायच्या आधी. झऱ्याला हात लावायची आमाला बंदी हुती. बाकीचे हाकलून द्यायचे, ती एकटी वतायची. मी उन्हात वंजळ धरून तिची वाट बघत बसायचो."

हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"घागर खाली ठिवली म्हणलास?"

"ठेवली."

"खाली? कातळावर?"

"हो बाबा. मी माझ्या हातानं प्यालो."

वॉटरबॅग त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि पुन्हा घट्ट लावलं. "मेल्यावर ठिवली," ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "जित्ती असताना ठिवली असती तर काय गेलं असतं तिचं? सात वर्साचं लेकरू हुतो मी."

कोरड्या झऱ्यावर ते पाणी कुठून आलं, याचा खुलासा माझ्याकडे आजही नाही. बाबांनी तो कधी मागितलाही नाही. ऐन टंचाईत ती भरलेली वॉटरबॅग आमच्या घरात खुंटीला लटकत राहिली, आणि कुणीही तिला हात लावला नाही.