माडावर चढलेले घड्याळ

चेहऱ्याऐवजी मनगट बघून माणूस ओळखणारा प्राणी मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या वहिनीचा भाऊ आहे. मुळगावच्या घरी माझ्या मांडीला मांडी लावून जेवलेला हा गृहस्थ डिचोलीच्या बाजारात मला ओळखत नाही, पण मी घड्याळ उजव्या हातात घातले की लांबूनच विचारतो, "डावो हात दुखता काय?" स्मार्ट घड्याळांची अ‍ॅप्स बनवणे हा त्याचा धंदा. कोणत्या कामात घड्याळाला काय घासते, एवढेच त्याला जगाबद्दल जाणून घ्यायचे असते. पंगतीत वरण पानाबाहेर चालले तरी याची नजर वाढप्याच्या मनगटावर. हरमलला मासे तळणाऱ्या एका बाईला तो "हात दाखय" म्हणाला, तर ती बिचारी ज्योतिषी समजून मुलीचे लग्न कधी जमेल ते विचारू लागली. यानेही गंभीरपणे विचारले, "चेडू घड्याळ खंयच्या हातात घालता?"

त्याचे सर्वांत लाडके अ‍ॅप मात्र एकच माणूस वापरतो. तो म्हणजे गावचा पाडेली, माडावर चढून नारळ काढणारा, याचा शाळेपासूनचा मित्र. पाडेली वरून पडला तर अ‍ॅप खाली त्याच्या बायकोच्या फोनवर घंटा वाजवते. सगळे सुरळीत चालले होते, आणि घड्याळ बनवणाऱ्या कंपनीला काय अवदसा आठवली कोण जाणे. पूर्वी मागे जायला बटण दाबावे लागे; नव्या अपडेटनंतर काचेवर काहीही सरकले की अ‍ॅप बंद. शहरात कोणाला पत्ताही लागला नाही. पण पाडेली माडाला मिठी मारून चढतो. एका सकाळी तो उतरला तेव्हा अ‍ॅप मुकाट बंद पडलेले होते. वर असताना तो पडला असता तर कोणाला कळले नसते.

वहिनीच्या भावाचे अन्नावरून मन उडाले. ओसरीच्या खांबाला त्याने नाना तऱ्हांनी मिठ्या मारल्या, पण अ‍ॅप काही बंद होईना. शेवटी हा पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस लुंगी खोचून स्वतः माडावर चढला. खाली अख्खा वाडा जमला. वहिनी हात जोडून त्याला खाली बोलावत होती, "सकयल देंव रे बाबा, तुका माड पेलचो ना." तो घसपटत, सोलपटत खाली आला आणि हर्षाने म्हणाला, "चडटना न्हय, देंवतना घासता." उतरताना हात वळतो, तेव्हा! मी आ वासून बघत राहिलो. इतका शहाणा वेडेपणा मी पाहिला नव्हता. मग त्याने अ‍ॅप असे बदलले की बंद करायला बोट काचेवर दाबून धरावेच लागेल. नुसत्या घासण्याला ते दाद देत नाही.

कंपनी वरचेवर काहीतरी बदलते आणि हा दर वेळी त्या एका मनगटासाठी सगळे नव्याने जुळवतो. आता पाडेल्याचे गुडघे गेले आहेत, माड बंद. तरी परवा अपडेट आले आणि हा पुन्हा कामाला बसला. मी म्हटले, "आता चढतो कोण?" मान वर न करता तो म्हणाला, "ताणें घड्याळ खंय काडलां?"

नवे अ‍ॅप घालायला आम्ही पाडेल्याच्या घरी गेलो. खुर्चीतल्या पाडेल्याने न विचारताच हात पुढे केला आणि काम होईपर्यंत तो कुंपणापलीकडच्या माडांकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "देंवतना बंद पडचें ना मरे?"

"पडचें ना," वहिनीचा भाऊ म्हणाला, आणि खात्रीसाठी त्याने मित्राचा हात आपल्या हातात घेऊन उतरताना वळतो तसा अलगद वळवून पाहिला.