वरची शाळा आणि खालची शाळा

इंग्लंडातल्या लीड्सची नोकरी संपवून आम्ही साउथ वेल्समधल्या एका दरीत राहायला आलो, ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. माझे यजमान तिथल्या छोट्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणून लागले होते. मुलगी चौथ्या वर्षात होती आणि तिला शाळेत घालायची वेळ आली होती. गावात सरकारी शाळा दोन. खालची इंग्रजी माध्यमाची, आमच्या रस्त्याच्या टोकाला. वरची वेल्श, म्हणजे तिथल्या मूळच्या भाषेच्या, माध्यमाची, चढावर, जुन्या इमारतीत आणि वर्ग पुरत नाहीत म्हणून मागे उभ्या केलेल्या लाकडी खोल्यांमध्ये.

लीड्सच्या मराठी मैत्रिणींना फोनवर हे सांगितलं, तेव्हा त्यांना यात विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. पोरीला घरात मराठी, त्यात आणखी वेल्श, मग इंग्रजी कधी यायचं? यजमानांची काळजी वेगळी होती. आमच्या नोकऱ्या फिरतीच्या. उद्या साउथहॅम्प्टनला बदलून जावं लागलं, तर तिथे वेल्श घेऊन काय करायचं?

मी मात्र लग्नाआधी पुण्यात मराठी शाळेत शिकवत होते. इतकी लहान मुलं परक्या भाषेत शाळेचा सगळा दिवस कसा काढतात, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून एका सकाळी मुलीचा हात धरून चढ चढून गेले.

वरच्या शाळेच्या हेडबाई उंच, सडपातळ, आवाजाने मऊ. त्यांनी मला वर्ग दाखवले. मुलं मातीची भांडी करत होती, भांडत होती, आणि सगळं वेल्शमध्ये चाललं होतं. बाईंनी सांगितलं की यातल्या बहुतेकांच्या घरी वेल्शचा एक शब्दही बोलत नाहीत. आजी-आजोबांची भाषा मधल्या पिढीत हरवली होती, आणि आता आईबापच मुलांना मुद्दाम इथे आणून सोडत होते. मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरी काय बोलता? मी मराठी म्हटलं. आता त्याही घरी इंग्रजी बोला म्हणून समजावतील अशी माझी अपेक्षा होती.

त्या म्हणाल्या, "मग घरी मराठीच बोला, ती सोडू नका. वेल्शचं आम्ही बघतो. इंग्रजीची काळजी करू नका, ती न बोलावता घरात येते."

इंग्लंडात इतक्या वर्षांत कोणत्याही नर्सने किंवा शिक्षिकेने मला घरची भाषा सोडू नका असं सांगितलं नव्हतं. उलटंच सांगितलं होतं. घरी येऊन मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, एक वर्ष बघू.

पहिले काही महिने मुलगी शाळेत बोललीच नाही. शिक्षिका म्हणायच्या, ती ऐकतेय. मग एका दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असताना कुंपणापाशी तिचा आवाज ऐकू आला. शेजारणीची म्हातारी आई पलीकडे खुर्ची टाकून बसली होती, आणि आमची पोर तिला मांजराबद्दल काही तरी सांगत होती, वेल्शमध्ये, हातवारे करून. म्हातारी उत्तरं देत होती. शेजारीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आपल्या आईला ही भाषा बोलताना तिने लहानपणी चोरून ऐकलं होतं तेवढंच. मुलांचं भलं व्हावं म्हणून म्हातारीने घरात कायम इंग्रजीच ठेवलं होतं. शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या हिवाळ्यात शेजारीण आणि मी चॅपेलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, मागच्या खोलीत वेल्शच्या संध्याकाळच्या वर्गाला जायला लागलो. ती शब्द भराभर उचलायची, मी व्याकरण. मराठीत शब्दाचं शेपूट बदलतं, घोडा, घोड्याला. वेल्शमध्ये डोकं बदलतं. मांजर म्हणजे काथ, पण दोन मांजरी म्हटल्या की तिची गाथ होते. सगळे वैतागायचे. मला गंमत वाटायची.

वर्ष उलटलं, पण शाळा बदलण्याचा विषय यजमानांनी काढला नाही. मुलगी सात वर्षांची झाल्यावर शाळेने इंग्रजी वाचायला शिकवलं, आणि वर्षभरात ती दोन्ही भाषांतली पुस्तकं पलंगावर पसरून झोपायला लागली. यजमानांनी तिच्याकडून जेवताना चार वाक्यं शिकून घेतली होती. एकदा डोंगरावरचा एक म्हातारा शेतकरी वॉर्डात आला, घाबरलेला, कुणाशी धड बोलेना. यजमानांनी त्याला वेल्शमध्ये विचारलं, कुठे दुखतंय? म्हाताऱ्याने आधी त्यांचा उच्चार सुधारला आणि मग पोटावर हात ठेवला. हे त्यांनी घरी येऊन दोनदा सांगितलं. तेव्हापासून ते वॉर्डातल्या म्हाताऱ्यांशी रोज वेल्श बोलून बोलून ती शिकत गेले.

दशकाच्या शेवटी नवा कायदा आला. वेल्समधल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतही आता वेल्श शिकवणं बंधनकारक होणार होतं. खालच्या शाळेत एकच धावपळ उडाली, कारण तिथल्या शिक्षकांनाच ती येत नव्हती. मी तोवर वरच्या शाळेत मदतनीस होते आणि इथल्या कॉलेजचं शिक्षकाचं प्रशिक्षणही पुरं केलं होतं. खालच्या शाळेचे हेडमास्तर हेडबाईंकडे शिक्षक मागायला आले, तेव्हा बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, मी स्वतः अजून शिकतेय. हेडमास्तर म्हणाले की त्यांच्याकडच्या सगळ्यांपेक्षा मी पुढे आहे, आणि ते खरंच होतं.

पहिल्या दिवशी मी फळ्यापुढे उभी राहिले, सलवार-कमीज घालून, कपाळाला टिकली. एका मुलीने विचारलं, "मिस, तुम्ही वेल्श आहात?"

मी म्हटलं, "नाही. पण तुम्ही आहात ना? मग मला मदत करा."

मुलांना ते फार आवडलं. वेल्शमध्ये 'दोन' हा शब्द मुलग्यांसाठी वेगळा आणि मुलींसाठी वेगळा. मी त्यांना सांगितलं, माझ्या भाषेतही ते दोघे आणि त्या दोघी. पोरं दिवसभर मैदानात 'दोघे, दोघी' ओरडत फिरली.

सगळेच खूश होते असं नाही. एक बाप पालकसभेत म्हणाला, पूल ओलांडून इंग्लंडात गेलं की ही भाषा कशाला उपयोगी, फ्रेंच शिकवा. मी त्याला सांगितलं की माझ्या भाषेबद्दलही मला हेच सांगण्यात आलं होतं. तो हसला, पण त्याचं मत काही बदललं नाही. पोरगा मात्र त्याचा चांगला शिकला.

आमची मुलगी पुढे बसने शेजारच्या दरीतल्या मोठ्या वेल्श शाळेत गेली. तिथे फिजिक्ससुद्धा वेल्शमध्ये. आता ती कार्डिफला कॉलेजात आहे आणि रविवारी फोन करते. तिचं मराठी लिंगात अजून अडखळतं. "आई, माझा पुस्तक तिथेच राहिला का गं?" असं विचारते. मी म्हणते, हो, इथेच आहे, पाठवते. मग मागून यजमान रिसीव्हर मागतात आणि बापलेक मला अर्धवट कळणाऱ्या वेगाने वेल्श बोलत बसतात. मी उठून चहा टाकते.