उघडा स्तूप आणि पांढरा पायजमा

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना सांडाल. अहो, आता काय सांगू तुम्हाला!

जळगावात माझं पितळकामाचं दुकान. जन्मभर घंटा आणि समया घडवल्या. पण अमळनेरच्या नव्या बुद्धविहारासाठी तिथल्या समितीच्या नानांनी स्तूप सांगितला आणि मी बाकी सगळं बाजूला सारलं. पितळी चौथरा, वर स्फटिकाचा भरीव घुमट, त्यावर तांब्याची छत्रं. हे आपल्या हातून झालं यावर माझाच विश्वास बसेना! आता एकच घोर, उद्घाटनाला तो धड पोचायला हवा.

निघताना आमची सुमन फडकं घेऊन दारात. "ऊन आहे, झाकून न्या."

"अगं, स्तूपाला काय ऊन लागतंय? केळीचा घड आहे का तो?"

खरं सांगू? मला तो लोकांना दाखवायचा होता! एसटीत खिडकीशी बसलो. अंगात नवा पांढरा पायजमा, मांडीवर उघडा स्तूप. जो तो विचारी, "कोणी केला हो?" आणि मी आपला फुगतोय!

वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. गाडी उभी, ऊन थेट घुमटावर. थोड्या वेळानं जळका वास!

"गाडी पेटली! उतरा सगळे!"

ओरडलो मी आणि स्तूप छातीशी धरून पहिला उतरलोही मीच. ड्रायव्हरनं इंजिनात डोकं घातलं, कंडक्टर चाकांखाली वाकला. वर मी त्यांनाच झापतोय, "नाकं आहेत ना? नीट बघा!"

तेवढ्यात एक अक्का ओरडल्या, "अरे भाऊ, गाडी नही, तुना पायजमा पेटना!"

बघतो तर मांडीवरनं धूर! घुमटानं भिंगासारखं ऊन गोळा केलं होतं. अक्कांनी बाटलीभर पाणी ओतलं, तेही नेमकं नको तिथं.

स्तूपाला मात्र ओरखडा नाही!

विहारात तो ठेवला आणि सगळे भोवती गोळा झाले. नानांनी हात जोडले, डोळे पुसले. "भाऊ, जलमनं सोनं करं तुम्ही!" टाळ्या थांबेनात. मलाही भरून आलं हो! मग त्यांनी खांद्यावर शाल घातली, ती मी तिथल्या तिथं कमरेला गुंडाळली. लोक म्हणाले, केवढा साधा माणूस!

सत्काराचा फोटो माझ्याआधी घरी पोचला. सुमन मोबाईल घेऊनच दारात उभी.

"काय हो, शेवटी फडकं बांधलंच ना?"